नोंद कोणाची, उत्तर कोणाला?

२०२२च्या फेब्रुवारीत ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातली मंडळी हबकली. चार मोठ्या आरोग्यसंस्थांच्या ओपीडीत येणारे जवळपास १९ हजार लोक या चाचणीत होते. नेहमीच्या भेटीत भरून घेतल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार वारंवार येतात असं ज्यांनी लिहिलं होतं, ते हे लोक. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय पाठपुरावा करणारा मदतनीस देऊ केला. तिसऱ्याला भावना सावरायची कौशल्यं शिकवणारा छोटा ऑनलाइन कार्यक्रम देऊ केला. काही ना काही फायदा होईल, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाठपुराव्याने फरक पडला नाही. आणि ऑनलाइन कार्यक्रम देऊ केलेल्या गटात स्वतःला इजा करून घेण्याचा धोका नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी जास्त निघाला.

हे कळू शकलं ते संशोधन रोजच्या सेवेच्या आत झालं म्हणून. अशा घटना शंभरात तीन-चार जणांच्या बाबतीत घडतात. एखाद्या विद्यापीठाच्या विभागाने दीडशे रुग्ण घेऊन हाच कार्यक्रम तपासला असता, तर हा फरक दिसलाच नसता. रुग्णांना कार्यक्रम आवडला असा अहवाल छापून आला असता आणि तो गावोगाव पोचला असता. आरोग्यसंस्थांच्या ज्या जाळ्याने ही चाचणी केली ते २०१०मध्ये सरकारी पैशातून उभं राहिलं होतं, पण त्यातल्या संस्था संशोधनासाठी जन्मलेल्या नव्हत्या. त्या विमाधारकांना उपचार देणाऱ्या संस्था होत्या. या चाचणीच्या आधी, २०१३मध्ये, त्यांच्यापैकीच एका संस्थेच्या ८४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून एक गोष्ट पुढे आली होती. फॉर्ममधल्या नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा इजेच्या विचारांबद्दलच्या, प्रश्नाला ‘अजिबात नाही’ म्हणणाऱ्यांपैकी ०.४ टक्के लोकांनी पुढच्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केला. ‘जवळपास रोज’ म्हणणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. हा फॉर्म कोणी संशोधनासाठी भरून घेतला नव्हता. डॉक्टरला समोरच्या माणसाचं आज कसं चाललंय ते कळावं, एवढ्यासाठी तो होता.

नेहमीच्या मानसिक आरोग्य सेवेतून संशोधनाची जाळी कशी उभी राहतात, कशाने टिकतात आणि कशाने विरतात, हा या आढाव्याचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसा, संगणक, संख्याशास्त्र हे सगळं लागतंच, पण जाळं टिकतं ते वेगळ्या कारणाने. ज्याने नोंद केली त्याला त्या नोंदीतून काही परत मिळालं, तर तो उद्याही नीट नोंद करतो. नाही मिळालं, तर तो रकाना भरतो. या दोन्हींतला फरक ओपीडीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

कल्पना जुनी आहे. एका भागात मानसोपचार घेणाऱ्या प्रत्येकाची एकाच ठिकाणी नोंद ठेवायची, असा प्रयोग दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागात १९६४पासून चालला. इटलीने १९७८च्या कायद्याने मनोरुग्णालयं बंद करायला घेतली, त्यापाठोपाठ वेरोनातही अशी नोंदवही उघडली गेली. रुग्णालय बंद झाल्यावर माणसं जातात कुठे, हे तिच्यातून दिसू लागलं. डेन्मार्कने तर साऱ्या देशाच्याच नोंदी संगणकावर घेतल्या. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो आणि त्या आधारे मनोरुग्णालयाची नोंद जन्म-मृत्यूच्या नोंदीशी जोडता येते. आपल्याकडे एकच माणूस सिव्हिल हॉस्पिटलात एका नावाने, तालुक्याच्या दवाखान्यात दुसऱ्या स्पेलिंगने आणि खाजगी डॉक्टरकडे बायकोच्या मोबाइल नंबरवर नोंदलेला असतो. डेन्मार्कचं उदाहरण देणाऱ्यांनी ही अडचण आधी सोडवावी.

देशोदेशींच्या सेवांनी एकत्र येऊन संशोधन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने केला. स्किझोफ्रेनियाच्या त्या अभ्यासात नऊ केंद्रं आणि १२०२ रुग्ण होते, आणि भारतातलं केंद्र होतं आग्रा. आग्रा, नायजेरियातलं इबादान आणि कोलंबियातलं काली इथल्या रुग्णांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी दिसली. हा निष्कर्ष इतका गाजला की ‘गरीब देशांत स्किझोफ्रेनिया लवकर बरा होतो’ असं सूत्रच होऊन बसलं. २००८मध्ये ॲलेक्स कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि ओये गुरेजे यांनी ते सूत्र पुन्हा तपासायला घेतलं आणि वेगवेगळ्या देशांतले अभ्यास ताडून पाहता ते तितकंसं सरळ नाही, असं दाखवून दिलं. मला मात्र या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. नऊ ठिकाणच्या डॉक्टरांनी एकाच पद्धतीने मुलाखत घ्यायला शिकणं, हेच त्यातलं सर्वांत कष्टाचं काम होतं. त्याच काळात न्यूयॉर्क आणि लंडनच्या मनोविकारतज्ज्ञांची तुलना झाली, तेव्हा अमेरिकी डॉक्टर स्किझोफ्रेनियाचं निदान फार सढळ हाताने करतात, हे उघड झालं होतं. रोगाचं नाव ठरवण्यातच एकमत नसेल, तर हजारो नोंदी गोळा करून हाती काय लागणार?

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात वेगळ्या वाटेने प्रयोग सुरू झाला. तिथल्या खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर एक जाळं विणलं आणि अभ्यासाचे प्रश्न मिळून ठरवले. एका अभ्यासात प्रत्येक सत्रानंतर थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेली व्यक्ती अशा दोघांनीही, आज कशाची मदत झाली आणि कशाचा अडथळा झाला, हे छोट्या कार्डावर लिहायचं होतं. नंतर थेरपिस्टांना त्यांचा अनुभव विचारला गेला. वेळ जातो, फॉर्म विसरतो, सत्राची लय तुटते, या तक्रारी आल्याच. पण कार्डातून पुढच्या सत्राला उपयोग झाला, तेव्हा त्याचं मोलही थेरपिस्टांनी सांगितलं. याच राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठात २००५मध्ये महाविद्यालयांच्या समुपदेशन केंद्रांचं जाळं सुरू झालं आणि ते पुढे देशभर पसरलं. समुपदेशकाला आपल्या विद्यार्थ्याच्या उत्तरांचा आलेख तिथल्या तिथे दिसतो. संशोधनासाठीचा डेटा हे त्याचं दुय्यम फळ.

इंग्लंडने २००८मध्ये नैराश्य आणि चिंतेसाठी मानसोपचारांची राष्ट्रव्यापी योजना सुरू केली, तेव्हा नियम घातला की प्रत्येक सत्राला मोजमाप व्हायलाच हवं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फक्त सुरुवातीला आणि शेवटी फॉर्म भरून घेतले, तर मधेच येणं थांबवलेल्यांचा शेवटचा फॉर्म मिळतच नाही. योजनेच्या आधीच्या प्रायोगिक केंद्रांत डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की ज्यांचे शेवटचे आकडे नेहमीच्या पद्धतीत गहाळ झाले असते त्यांची सुधारणा इतरांपेक्षा बरीच कमी होती. म्हणजे गहाळ नोंदी योगायोगाने गहाळ होत नाहीत. त्या सेवेची बाजू उजळ करतात. आपल्याकडचे ‘इतके टक्के रुग्ण बरे झाले’ छापाचे अहवाल वाचताना मला हे नेहमी आठवतं. फॉलोअपला न आलेला माणूस कोणत्या रकान्यात गेला, हे त्यात लिहिलेलं नसतं.

लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयाच्या ट्रस्टने २००८च्या सुमारास नावं-पत्ते झाकलेल्या केसपेपरांमध्ये शोध घेण्याची यंत्रणा उभी केली. डॉक्टर जे मोकळेपणाने लिहितात तेही तिच्यात शोधता येतं. याच नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जोडल्यावर २०११मध्ये निष्पन्न झालं, की गंभीर मानसिक आजार असलेल्या पुरुषांचं आयुष्य आजारानुसार ८ ते सुमारे १५ वर्षांनी आणि स्त्रियांचं जवळपास १० ते १७ वर्षांनी कमी होतं. त्या यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या समितीत सेवा घेणाऱ्यांचं म्हणणं निर्णायक ठेवलं आहे, आणि संशोधकांनी आपल्याला संपर्क केला तर चालेल का, हे रुग्णाला आधीच विचारून ठेवलं जातं.

आता घरी येऊ. भारतात मानसिक आरोग्याची सार्वजनिक सेवा संशोधनातूनच जन्मली, हे आपण विसरून गेलो आहोत. सत्तरच्या दशकात बंगळुरूजवळ सकलवारा इथे निम्हान्सने आणि हरयाणातल्या रायपूर रानी इथे चंडीगडच्या पीजीआयने एकच गोष्ट तपासली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि आरोग्यसेवकाला थोडं प्रशिक्षण दिलं, तर ते मानसिक आजार ओळखून उपचार करू शकतात का? रायपूर रानी हा तर सात देशांत चाललेल्या अभ्यासाचा भाग होता. त्यातून १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९८५पासून बेळ्ळारी जिल्ह्यात त्याची चाचणी झाली आणि १९९६पासून जिल्हा कार्यक्रम म्हणून तो पसरू लागला. आज ७००हून अधिक जिल्ह्यांना त्याची मंजुरी आहे. पण पसरताना नाळ तुटली. जिल्ह्यातून महिन्याच्या महिन्याला वर जातो तो आकड्यांचा तक्ता: नवे रुग्ण किती, जुने किती, शिबिरं किती, प्रशिक्षणं किती. त्यातला एकही आकडा, औषध सुरू केलेल्या माणसाचं सहा महिन्यांनी काय झालं, हे सांगत नाही. आणि तक्ता भरणाऱ्या समाजसेवा अधीक्षकाला किंवा परिचारिकेला वरून परत येतो तो पुढच्या महिन्याचा कोरा तक्ता.

संशोधन थांबलं नाही. ते सेवेच्या शेजारी, वेगळ्या पैशावर, वेगळ्या माणसांकडून होऊ लागलं. त्यातलं सर्वांत दर्जेदार काम आपल्या शेजारीच, गोव्यात झालं. १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ने ‘मानस’ नावाची चाचणी २४ दवाखान्यांत केली, त्यांतली १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन त्यांना डॉक्टरांच्या जोडीला बसवलं. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत आजाराचं निदान पक्कं झालेल्यांपैकी ६५.९ टक्के लोक सहा महिन्यांत बरे झाले. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशकाने काहीच फरक पडला नाही. कारण तिथे समुपदेशक नसतानाही लोक तितकेच बरे होत होते. ओळखीचा डॉक्टर, दर वेळी तोच चेहरा, दोन मिनिटं जास्तीची चौकशी, हे कदाचित आधीच काम करत असावं. चाचणी फक्त सरकारी केंद्रांत केली असती, तर हा प्रश्न पडलाच नसता. जाळ्यात वेगवेगळ्या प्रकारचे दवाखाने असण्याचा फायदा तो हाच.

पुढे २०१७मध्ये गोव्याच्याच दहा आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. थोडक्या सत्रांच्या समुपदेशनानंतर तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलं होतं, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्क्यांचं. या अभ्यासामागची एक गोष्ट आकड्यांपेक्षा दूरगामी आहे. समुपदेशक एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकून गुण देत आणि चर्चा करत, तज्ज्ञ हळूहळू बाजूला होत. म्हणजे नोंद जिथे तयार झाली तिथेच वापरली गेली, त्याच आठवड्यात, त्याच माणसांकडून. जिल्हा कार्यक्रमाने उचलावं असं काही असेल, तर ते हे आहे. त्याला खर्चही फारसा नाही.

आरोग्य केंद्रांतून मानसोपचार देण्याचा प्रयोग मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. ब्रिटिश सरकारच्या मदतीने भारत, नेपाळ, इथिओपिया, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका यांचं जाळं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी आरोग्य मंत्रालय सुरुवातीपासून भागीदार होतं. सीहोरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘मन-कक्ष’ उघडले. पण लोकसंख्येचं सर्वेक्षण केल्यावर दिसलं, की नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण म्हणावं तसं वाढलं नाही. याच्या उलट चित्र विदर्भातून आलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाचे गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी बोलत फिरले, आणि नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. इथे तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे श्रेय कितपत कशाचं, यावर वाद घालता येईल. तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की एक शंका बळावते: खोली उघडली की माणसं येतात, हे गृहीतकच कच्चं आहे.

गंभीर आजारांच्या बाबतीत तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी मिळून २८२ रुग्णांचा अभ्यास झाला. घरी जाऊन आधार देणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना थोडा फायदा झाला, आणि तो सर्वांत ठळक तमिळनाडूत दिसला. एकच पद्धत तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लागू पडते, हे त्या अभ्यासाचं खरं मोल. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ या गावपातळीवरच्या उपक्रमाची मोठी चाचणी मात्र गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यात झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले.

या साऱ्या प्रकल्पांचं एक दुखणं समान आहे. पगार प्रकल्पाचा, फॉर्म प्रकल्पाचा, टॅब प्रकल्पाचा. अनुदान संपलं की समुपदेशक दुसऱ्या प्रकल्पात जातो आणि आरोग्य केंद्राचं रजिस्टर जिथे होतं तिथेच राहतं. शोधनिबंध जगभर वाचला जातो. ज्या केंद्रात तो घडला तिथल्या नव्या मेडिकल ऑफिसरला त्याचा पत्ता नसतो. यात कुणाची बेइमानी नाही. अनुदान देणाऱ्याला तीन-पाच वर्षांत उत्तर हवं असतं, आणि सरकारी सेवेत तेवढ्या काळात अधिकाऱ्यांच्या दोन बदल्या होतात.

महाराष्ट्राला याहून वेगळी वाट अनोळखी नसावी. सेवेच्या आत राहून संशोधन करण्याची आपली परंपरा मोठी आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, आणि १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचं दाखवून दिलं. तिथे नोंद ठेवणारी बाईच बाळाला वाचवत होती; तिला रजिस्टर कशासाठी भरायचं, हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मानसिक आरोग्यात मात्र आपल्याकडे राज्याचं चित्रच धूसर आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. मानसिक आजार असलेले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात, हा त्या सर्वेक्षणातला आकडा आपण भाषणांतून वापरतो. तो आपल्या गावांतून आलेला नाही.

सामग्री मात्र हाताशी आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्हा कार्यक्रमांची पथकं, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सुरू झालेला ‘प्रेरणा’ प्रकल्प, आणि ऑक्टोबर २०२२पासून चालू असलेली टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची चोवीस तास हेल्पलाइन. यातून जाळं विणायचं तर नवी संस्था काढायची गरज नाही. पाच-सहा जिल्ह्यांनी मिळून चार-पाच गोष्टी सारख्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली तरी पुरे. त्रास किती आहे याचं छोटं मोजमाप, औषध चालू की बंद, कामावर जातो का, शेवटची भेट कधी, आणि आला नाही तर का आला नाही. दर तिमाहीला प्रत्येक पथकाला स्वतःचं आणि शेजारच्या जिल्ह्याचं चित्र दोन पानांत परत मिळालं पाहिजे. त्यासाठी जिल्ह्यागणिक एका माणसाचे आठवड्यातले काही तास अधिकृतपणे मोकळे ठेवावे लागतील. ‘जमेल तसं करा’ म्हटलं की ते पहिल्याच शिबिरात वाहून जातं. निबंध छापून आला तर त्यावर परिचारिकेचंही नाव असावं, हे आधीच ठरलेलं बरं.

संमतीचा प्रश्न उरतो, आणि तो अवघड आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ९९वं कलम मुलाखत किंवा उपचारांच्या संशोधनासाठी मुक्त आणि माहितीपूर्ण संमती मागतं. जी व्यक्ती संमती देऊ शकत नाही तिच्या केसपेपरांचा अभ्यास ओळख गुप्त राहणार असेल तर करता येतो, अशीही तरतूद आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी ओळख गुप्त राहते का? वय, गाव, व्यवसाय आणि दाखल झाल्याची तारीख एवढं कळलं, तर बाजारपेठेतला कोणीही माणूस ओळखेल. नाव पुसणं पुरत नाही. किती बारीक तपशील बाहेर जाऊ द्यायचा, हे जाळ्याला आधी ठरवावं लागतं.

त्याहून मूलभूत गोष्ट, प्रश्न कोण विचारतं ही. स्वतः मानसोपचार घेतलेल्या लंडनच्या डायना रोझ यांनी सहकाऱ्यांसह शॉक ट्रीटमेंटबद्दल रुग्णांना काय वाटतं यावरचे अभ्यास एकत्र केले आणि २००३मध्ये ‘बीएमजे’त मांडले. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत समाधानी रुग्णांचं प्रमाण जास्त होतं आणि रुग्णांनी किंवा त्यांच्यासह केलेल्या अभ्यासांत कमी. किमान एक तृतीयांश लोकांनी विस्मरण टिकून राहिल्याचं सांगितलं होतं. उपचार तेच, कोणी विचारलं, कुठे विचारलं आणि किती दिवसांनी, याने उत्तर बदललं. पुण्यात बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी हीच बाजू वर्षानुवर्षं लावून धरली, आणि आपल्या व्यावसायिक परिषदांतून त्यांना बहुतेक वेळा त्रासदायक पाहुण्यासारखं वागवलं गेलं, असं माझं निरीक्षण आहे.

कायदा या बाबतीत व्यवहाराच्या पुढे आहे. संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तींवरच्या संशोधनाला परवानगी देणारं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण कसं असावं, हे त्यात लिहिलं आहे: शुभार्थींचे (म्हणजे मानसिक आजार असलेल्यांचे) दोन प्रतिनिधी, शुभंकरांचे (त्यांची काळजी घेणाऱ्यांचे) दोन, स्वयंसेवी संस्थांचे दोन. म्हणजे परवानगीच्या टेबलावर त्यांच्या खुर्च्या आहेत. पण प्रस्ताव त्या टेबलावर येतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, मोजपट्टी निवडून झालेली असते, फॉर्म छापखान्यात गेलेले असतात. रोझ यांच्या आढाव्यातला फरक पडला, तो त्याच्या बराच आधीच्या टप्प्यावर.